तीनशे डीपीआय कशासाठी? मळवलीच्या दगडापासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत

(ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलणं आहे तसंच ठेवलंय, फक्त आकडे नीट मांडले आहेत.)

आजचा भाग कामाचा आहे. आधी गोष्ट सांगणार आहे, मग हिशोब. हिशोबाच्या वेळी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, भागाकारापलीकडे काही लागणार नाही.

विषय आहे फोटोचं रिझोल्यूशन. शब्द जड आहे, पण हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल: "फोटो फुटतोय, ३०० डीपीआयचा पाठवा." फ्लेक्सवाला म्हणतो, पत्रिकेवाला म्हणतो, ट्रेक ग्रुपच्या टी-शर्टवाला म्हणतो. मग आपण काय करतो? गॅलरी उघडतो, तोच फोटो शोधतो आणि तोच पुन्हा पाठवतो. समोरचा म्हणतो, "हा पण फुटतोय." आपण म्हणतो, "अहो, माझ्या स्क्रीनवर तर मस्त दिसतोय!"

दोघंही खरं बोलत असतात, आणि गंमत तिथेच आहे. रिझोल्यूशन हा एकट्या फोटोचा गुण नाही. तो फोटो किती मोठा छापायचा, कशावर छापायचा आणि बघणारा किती लांब उभा राहणार, हे सगळं कळल्याशिवाय "हा फोटो चालेल का?" या प्रश्नाला उत्तरच नसतं. आज एवढंच सांगायचंय. पण सुरुवात करतो आपल्या मावळातून.

मळवलीचा छापखाना

मी खंडाळ्यात राहतो, डिझाइनचं आणि छपाईच्या फायली तयार करण्याचं काम करतो. इथून लोणावळा ओलांडून पुण्याकडे निघालं की पुढचं स्टेशन मळवली. कार्ले-भाजे लेण्यांना, लोहगडाला जाताना तुम्ही तिथे उतरला असाल. पण या मळवलीत एकेकाळी देशातल्या सगळ्यात गाजलेल्या छापखान्यांपैकी एक होता, हे किती जणांना माहीत आहे?

राजा रविवर्मा हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. कमळावर उभी लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, ही चित्रं ज्यांनी घराघरात नेली ते चित्रकार. त्यांची मूळ तैलचित्रं राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत असायची. त्यांच्या प्रती सामान्य माणसाच्या भिंतीवर जाव्यात म्हणून त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत स्वतःची प्रेस काढली. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, शहर रिकामं व्हायला लागलं, आणि काही वर्षांत प्रेस मळवलीला हलली. विसावं शतक सुरू होता होता ती फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतली. देवदेवतांच्या चित्रांबरोबर नंतर जाहिरातींची, लेबलांची कामंही तिथे होऊ लागली. १९७२ च्या आगीत ही प्रेस जळाली.

आता मुद्द्याचं. ही चित्रं छापली कशावरून जायची? दगडावरून. आपल्याकडे त्याला शिळाछाप म्हणत, इंग्रजीतून आलेला शब्द लिथोग्राफी. १७९६ मध्ये जर्मनीत आलॉइस सेनेफेल्डरने ही पद्धत शोधली. बव्हेरियात मिळणारा गुळगुळीत चुनखडीचा दगड घ्यायचा, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, तेही उलटं, आरशातल्यासारखं. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट आहे तिथे पाणी थांबत नाही, तिथेच शाई धरते. कागद दाबला की चित्र उतरलं.

रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. चांगल्या कामाला दहा-दहा, कधी त्याहूनही जास्त दगड लागायचे, आणि प्रत्येक वेळी कागद आधीच्या छापावर बरोब्बर बसायला हवा. केसाएवढा सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर.

आणि त्या चित्रांमधली ती मऊ सावली, गालावरचा तो हलका गुलाबी? शाई तर एकाच गडदपणाची असते, ती "थोडीशी" छापता येत नाही. मग कारागीर काय करायचे? ठिपके द्यायचे. सावली गडद हवी तिथे ठिपके दाट, उजेड हवा तिथे विरळ. काही ठिपके दगडाच्या खरखरीत पृष्ठभागामुळे खडूतूनच उमटायचे, काही हाताने एकेक करून. घरात किंवा जुन्या बाजारात असं चित्र सापडलं तर भिंग लावून बघा. जवळून ठिपक्यांची रांगोळी दिसेल. दोन पावलं मागे या, चेहरा दिसेल.

हा आजचा पहिला धडा. छापलेलं चित्र म्हणजे ठिपके. ते जोडून चेहरा करण्याचं काम आपला डोळा करतो, आणि डोळा ते काम लांबून जास्त चांगलं करतो.

मग फाळके आले

दुसरा धडाही याच भागातला. दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' आठवतो. पण सिनेमाच्या आधी हा माणूस छपाईत होता. बडोद्याच्या कलाभवनात ते फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं शिकले. रविवर्मांच्या चित्रांसाठी त्यांनी फोटो-लिथोचं काम केलं, म्हणजे चित्र कॅमेऱ्यातून दगडावर उतरवण्याचं. आणि १९०८ च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा एन्ग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढला. पुढे तो दादरला गेला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते जर्मनीला जाऊन आले.

म्हणजे बघा, एकाच रेल्वे लाइनीवर, एका स्टेशनाच्या अंतरात, छपाईची दोन युगं शेजारी नांदत होती. मळवलीला कारागीर हाताने ठिपके देत होते. लोणावळ्याला कॅमेरा ते काम शिकत होता.

कॅमेऱ्याने ठिपके कसे द्यायचे? मूळ चित्र आणि फिल्म यांच्यामध्ये बारीक रेघांची काचेची जाळी ठेवायची. फोटो त्या जाळीतून गेला की त्याचे ओळीने ठिपके पडतात: गडद भागात मोठे, फिक्या भागात लहान. याला हाफटोन म्हणतात. जाळीत एका इंचात किती रेघा आहेत, त्यावर छपाई किती बारीक येणार ते ठरतं. तो आकडा म्हणजे एलपीआय, एका इंचातल्या ठिपक्यांच्या ओळी.

काचेची जाळी आता गेली, तिचं काम सॉफ्टवेअर करतं. पण एलपीआय अजून आहे, आणि आपला लाडका ३०० तिथूनच आलाय. चांगल्या गुळगुळीत कागदावर ऑफसेटची छपाई साधारण १५० एलपीआयला होते. प्रत्येक ओळीसाठी फोटोत दोन पिक्सेल असावेत, असा जुना अनुभवाचा नियम आहे. १५० गुणिले २ म्हणजे ३००. बस. हा आकडा एका विशिष्ट पद्धतीचा, एका विशिष्ट कागदाचा, हातात धरून बघायच्या वस्तूचा आहे. तो सगळ्या जगाला लावला की गोंधळ सुरू होतो.

पिक्सेल, इंच आणि एक भागाकार

आता कॅल्क्युलेटर काढा.

तुमच्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा असला तरी बरेच फोन नेहमीच्या मोडमध्ये एवढ्याच आकाराचा फोटो देतात. गॅलरीत फोटोच्या "डिटेल्स"मध्ये जा, हे दोन आकडे दिसतील. खरा माल एवढाच.

पिक्सेलला इंचाने भागा. ४००० पिक्सेल १० इंचात छापले तर एका इंचात ४००. वीस इंचात छापले तर २००. तोच फोटो १० फुटांच्या, म्हणजे १२० इंचांच्या फ्लेक्सवर ताणला तर इंचाला ३३. फोटो बदलला नाही, पिक्सेल तेवढेच राहिले, फक्त ते पसरले.

म्हणून "हा फोटो ७२ डीपीआयचा आहे" हे वाक्य अर्धवट आहे. फाइलमध्ये लिहिलेला ७२ किंवा ३०० हा आकडा म्हणजे डब्यावर चिकटवलेलं लेबल. फोटोशॉपमध्ये पिक्सेल तसेच ठेवून लेबल बदललं, तर डब्यातली चिक्की वाढत नाही. आणि सॉफ्टवेअरला नवे पिक्सेल भरायला सांगितले, तर तो शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. आकडा ३०० दिसतो, पण चेहरा धुरकटच राहतो.

अजून एक घोळ मोडून टाकतो. प्रिंटरच्या खोक्यावर १४४० डीपीआय लिहिलेलं असतं. ते शाईच्या थेंबांचं मोजमाप आहे. फोटोतला एक पिक्सेल त्याच्या खऱ्या रंगात उतरवायला चार-सहा रंगांचे पुष्कळ थेंब लागतात. त्यामुळे १४४० च्या प्रिंटरला १४४० चा फोटो द्यायची गरज नाही. थोडक्यात, पीपीआय फोटोचा, डीपीआय यंत्राचा, एलपीआय जाळीचा. बाजारात तिन्हींना सर्रास "डीपीआय" म्हणतात. भांडू नका, फक्त समोरचा कशाबद्दल बोलतोय ते ओळखा.

लांबून बघणाऱ्याचा नियम

चांगली नजर असलेला माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी फट ओळखू शकतो. याचं गणित केलं तर १ फुटावरून इंचाला सुमारे २८६ ठिपके वेगळे दिसतात. आपण सोयीसाठी ३०० धरू. अंतर दुप्पट झालं की गरज निम्मी.

म्हणून नियम लक्षात ठेवा: ३०० भागिले फूट. बघणारा जितके फूट लांब, तेवढ्याने ३०० ला भागा. तीन फुटांवरून बघायचं पोस्टर? १००. दहा फुटांवरचा बॅनर? ३०. रस्त्यापलीकडून, ३० फुटांवरून बघायचा फ्लेक्स? इंचाला फक्त १०.

हा नियम फोटोसाठी, आणि कमीत कमी किती हवं ते सांगणारा आहे. अक्षरांना तो लावू नका. अक्षराची कड डोळा लगेच पकडतो, त्यामुळे नाव, मजकूर आणि लोगो कधीही फोटोचा भाग म्हणून देऊ नका. ते व्हेक्टरमध्ये द्या, म्हणजे कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये रेघांच्या गणिताने बनलेलं. ते व्हिजिटिंग कार्डावरही कापलेलं दिसतं आणि होर्डिंगवरही. आणि मराठी फाँट असेल तर तो "कर्व्ह" करून पाठवा, नाहीतर समोरच्या कॉम्प्युटरवर तो फाँट नसला की "श्री गणेशाय नमः"च्या जागी भलतंच काहीतरी छापून येईल.

कुठे किती?

आता एकेक पद्धत पटापट घेऊ.

ऑफसेट: लग्नपत्रिका, पुस्तकाचं कव्हर, चिक्कीचा पुठ्ठ्याचा रंगीत बॉक्स. इथे ३०० खरा. छापायच्या मापात ३०० हवेत. एफोर पान म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. साडेतीन बाय दोन इंचाचं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे १०५० बाय ६००.

वर्तमानपत्र: कागद शाई पितो, ठिपका पसरतो, म्हणून जाळी जाडसर असते, साधारण ८५ ते १०० एलपीआय. फोटो १७० ते २०० ला पुरतो. जास्त दिला तरी कागद तो दाखवू शकत नाही.

डिजिटल प्रिंट: दुकानात आपण ज्याला "बारा-अठरा" म्हणतो तो कागद. थोड्या प्रती हव्या असतील तर हेच. पूर्ण पानभर फोटो असेल तर ३०० ने ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतात. २०० पर्यंत खाली आलात तरी बहुतेक फोटो चांगले दिसतात, कारण एवढं मोठं पान कोणी नाकाशी धरून बघत नाही.

फोटो लॅबची प्रिंट: चार बाय सहाला १२०० बाय १८०० पिक्सेल. ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ४१३ बाय ५३१.

फ्लेक्स: प्रत्यक्ष मापात ७२ मागतात, ती दुकानाच्या सोयीची सवय आहे. दहा बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ ने केला तर ८६४० बाय ५१८४ पिक्सेल होतात. तुमच्या मोबाइलच्या फोटोत एवढे नसतातच. पण ३० ने हिशोब केला तर ३६०० बाय २१६० येतात, आणि ते तुमच्या खिशात आहेत. म्हणून मूळ फोटो द्या आणि निवांत राहा. फक्त फ्लेक्स कुठे लागणार ते विचारा. कमानीवर वर असेल तर चालेल. पण तोच फ्लेक्स सेल्फी काढायला स्टेजच्या मागे लावणार असाल तर बघणारा तीन फुटांवर आहे, गरज १०० वर गेली.

स्क्रीन प्रिंटिंग: कापडी किंवा नायलॉनच्या जाळीतून शाई ढकलतात, टी-शर्टवर, कापडी पिशवीवर. कापडावर ठिपके जाडच ठेवावे लागतात, साधारण ४५ ते ५५ एलपीआय, कारण त्याहून बारीक ठिपका धाग्यांत हरवतो. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन, म्हणजे मळवलीच्या दगडांचीच नात. इथे फोटोचा मोह सोडा. लोहगडाची बाह्यरेषा, दोन रंग, व्हेक्टर फाइल. ट्रेकचा टी-शर्ट असाच खुलतो. काळं-पांढरं रेखाचित्र स्कॅन करून देणार असाल तर ६०० ते १२०० ला करा, कारण रेघेची कड करवतीसारखी दिसायला नको.

मग, म्हणजे सब्लिमेशन: छापायची जागा साधारण ८ बाय साडेतीन इंच. ३०० ने २४०० बाय १०५०. हातात धरून चहा पिणार, डोळा एका फुटावर. इथे कंजूषी नको.

मालाचा जाड खोका: त्यावर फ्लेक्सो पद्धत असते. मऊ प्लेट खोक्यावर दाबली की ठिपका पसरतो. बारीक फोटो देऊच नका, ठसठशीत चित्र आणि जाड अक्षरं द्या.

व्हॉट्सॲप नावाची चाळणी

आता खरा गुन्हेगार. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने फोटो पाठवला की तो लहान होतो, मोठी बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ४००० चे १६०० झाले. गेलेले पिक्सेल परत येत नाहीत, आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड करत स्टेटसवरून, स्क्रीनशॉटवरून फिरला तर आणखी झिजतो.

पण आपला भागाकार लावा. १६०० भागिले ३०० म्हणजे ५.३ इंच. चार बाय सहाची प्रिंट जवळपास निघेल. एफोरवर १३७ येतात, पत्रिकेच्या पूर्ण पानाला ते कमी पडतात. सहा फुटांच्या फ्लेक्सवर इंचाला २२ येतात, आणि १५ फुटांवरून बघणाऱ्याला २० पुरतात. म्हणजे तोच "खराब" फोटो फ्लेक्सवर चालतो आणि पत्रिकेत फुटतो! मोठ्या छपाईला नेहमी मोठा फोटो लागतो, ही समजूत इथे उलटी पडते.

उपाय सोपा आहे. फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, किंवा ड्राइव्हची लिंक द्या. फाइल आहे तशी पोहोचते.

एकच फोटो असेल तर?

आता ज्या कारणासाठी हा भाग करायचा होता तिथे येतो. माझ्याकडे वर्षभर कामं येतात, पण एक काम असं आहे की त्यात लोक घाईत असतात, रडलेले असतात आणि फोटो मात्र नेहमी खराब असतो. घरात कोणीतरी गेलेलं असतं. संध्याकाळपर्यंत चौकात फ्लेक्स हवा असतो, दहाव्याला फ्रेम हवी असते.

एक मुलगी आली होती. म्हणाली, "दादा, आजीचा एवढाच फोटो आहे." लग्नातला ग्रुप फोटो, व्हॉट्सॲपवरून आलेला. बारा माणसं, आणि आजीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत १८० पिक्सेल.

हिशोब बघा. फ्लेक्सवर चेहरा दोन फूट उंच केला तर इंचाला साडेसात पिक्सेल. ४० फुटांवरून बघणाऱ्याला साडेसातच लागतात. रस्त्यापलीकडून आजी ओळखू येणार, फ्लेक्स झाला. पण फ्रेम? घरात माणूस तीन फुटांवर उभा राहून हात जोडतो. तिथे १०० हवेत. म्हणजे चेहरा जेमतेम पावणेदोन इंच. पाच बाय सातची छोटी फ्रेम. तिला मोठी हवी होती.

ती म्हणाली, "मग ॲपमधून क्लिअर करू का? हे बघा, मी केलंय." तिने एआयने सुधारलेला फोटो दाखवला. त्वचा चकचकीत, डोळे टपोरे, एकेक केस वेगळा. तिची आई शेजारी उभी होती. त्यांनी नीट पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाई छान आहे गं. पण ही आपली आई नाही."

मंडळी, हे नीट समजून घ्या. १८० पिक्सेलमध्ये जे नाही ते एआयला दिसत नाही, तो ते रचतो. त्याने पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून एक बरासा चेहरा तयार करतो. मळवलीचे कारागीरसुद्धा रविवर्मांचं चित्र दगडावर पुन्हा काढताना कुठे काय ठेवायचं, काय सोडायचं ते आपल्या हाताने ठरवत होते. पण लक्ष्मीचा मूळ चेहरा कोणी पाहिलेला नाही. आजीचा पाहिलाय. आज तिला ओळखणारे घरात आहेत म्हणून चूक पकडली गेली. वीस वर्षांनी पतवंडं त्या फ्रेमकडे बघतील तेव्हा सांगायला कोणी नसेल. त्यांच्यासाठी तीच आजी.

मग आम्ही काय केलं? मी विचारलं, "फोटो काढला कोणी?" मामेभावाने. त्याला फोन लावला. त्याच्या बॅकअपमध्ये मूळ फोटो होता, ४००० पिक्सेलचा, आणि त्याने तो डॉक्युमेंट म्हणून पाठवला. तोच चेहरा आता ४५० पिक्सेलचा. १०० ने साडेचार इंच. दहा बाय बाराच्या फ्रेममध्ये आजी व्यवस्थित बसल्या, कपाळावरच्या गोंदणासकट. ते गोंदण एआयने पुसून टाकलं होतं.

मूळ फोटो सापडला नसता तर मी छोटीच फ्रेम करायला सांगितली असती. लहान आणि खरा फोटो मोठ्या आणि बनावट फोटोपेक्षा बरा. थोडी फोकस सुधारणं, डाग काढणं, उजेड वाढवणं हे ठीक. चेहरा नव्याने रचायचा नाही.

जुने फोटो स्कॅन करताना

म्हणून या सुट्टीत एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा. फोटो मोबाइलने तिरका, ट्यूबलाइटची चमक घेऊन काढण्यापेक्षा स्कॅनरवर ठेवा. हिशोब असा: जितक्या पट मोठा करायचा, तितक्या पट ३००. दोन इंचाचा जुना फोटो आठ इंच करायचा तर चौपट, म्हणजे १२०० ला स्कॅन. त्याच मापात ठेवायचा असेल तरी ६०० ला करा, म्हणजे पुढे पर्याय राहतो. त्याहून फार वर गेलात तर कागदाचे कणच मोठे होऊन येतील, माणूस नाही.

आणि वर्तमानपत्रातलं कात्रण, जुनं कॅलेंडर असं काही आधीच छापलेलं असेल तर त्यात ठिपक्यांची जाळी असते. ते स्कॅन करून परत छापलं की जाळीवर जाळी बसते आणि लाटांसारखी नक्षी उमटते. स्कॅनरमध्ये "डिस्क्रीन" नावाचा पर्याय असतो, तो चालू करा. देवघरातलं पणजीच्या वेळचं चित्र असेल तर फ्रेम उघडून खेचाखेच करू नका, कागद ठिसूळ झालेला असतो. काचेसकट सरळ समोरून, दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

फाइल पाठवण्याआधी

चार प्रश्न विचारा. छपाई कुठली आहे? माप किती इंच? बघणारा किती फुटांवर? आणि माझ्या फोटोत पिक्सेल किती? पहिल्या तिघांवरून गरज कळते, चौथ्यावरून ऐपत. जमत नसेल तर माप कमी करा किंवा मूळ फोटो शोधा. आणि "३०० पाठवा" असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा, "किती इंचात, दादा?" समोरचा कामातला माणूस असेल तर खूश होईल.

तर आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात कोणाचा एकच फोटो असेल, तर तो कोणाच्या मोबाइलमध्ये मूळ रूपात आहे ते आजच शोधून ठेवा. मोबाइल बदलतात, हरवतात, पावसात भिजतात. पुढच्या भागात रंगांबद्दल बोलू: स्क्रीनवरचा भगवा कागदावर गेल्यावर विटकरी का होतो? तोपर्यंत काळजी घ्या, भाग आवडला तर मित्रांना पाठवा. भेटूया!